समुद्रावरची मंडळी

“समुद्रावरच्यांना फ्रीजमध्ये ठेवायचं नाही हं, मावशी. त्यांना गारठा सोसत नाही.”

मॅडमचं हे सांगणं मावशींना आठवलं, तेव्हा फ्रीजचं दार उघडं होतं आणि गारेगार बाटली त्यांच्या हातात होती.

अकरा वर्षं मावशी मॅडमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. बाटल्या धुवायच्या, पोळ्यातलं मेण खाणाऱ्या मेणअळ्या वाढवायच्या आणि दर दोन महिन्यांनी त्या सूत्रकृमींना, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंतांना, खाऊ घालायच्या. डोळ्यांना न दिसणारे हे जीव पिकांची मुळं कुरतडणाऱ्या किडीच्या अंगात शिरून तिला मारतात. बाकीचे बागांच्या मातीतले, ते फ्रीजमध्ये राहत. ही एकच बाटली समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडातली. मॅडमना ती मंडळी एका वेलीच्या मुळाशी सापडली होती. दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती. अळी देताना मावशी क्षणभर हात जोडत. “आधी किड्यांची पंगत, मग नवऱ्याची,” असं घरी ऐकून घेत.

मागच्या आठवड्यात मॅडमना दवाखान्यात हलवलं. मावशी सोबतीला धावल्या. खोलीत उकाडा मरणाचा होता. मंडळी होरपळायला नकोत म्हणून जाता जाता त्यांनीच बाटली आत सरकवली.

त्यांनी थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी नुसती वळवळ असायची. आज सगळे दोऱ्याच्या तुकड्यांसारखे सरळ पडले होते. त्यांना हलवायच्या काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवलेला होता, मॅडमचाच. इतक्या नाजूक जिवांना दुसरं काही चालत नसे. त्याने मावशींनी एकेकाला डिवचलं. कुणीच हललं नाही.

दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. औषधांनी मॅडमच्या पापण्यांवर आता एकही केस उरला नव्हता.

“आमची मंडळी काय म्हणतायत?”

उशाशी बसलेल्या धाकट्या बहिणीने डोळ्यांनी खुणावलं, बरी आहेत म्हणा. पण रोज सकाळी हात जोडताना मावशी एकच मागत: आज माझ्या तोंडून खोटं नको.

“गेली, मॅडम. सगळी. मी फ्रीजमध्ये ठेवली.”

“अहो मावशी, ही आत्ता सांगायची गोष्ट आहे का?” बहीण पुटपुटली.

मॅडमनी मान मावशींकडे वळवली.

“उकडत होतं ना फार?”

“हो.”

“म्हणजे मायेनेच मेली बिचारी.” मग लगेच, “टेकाड आहे का अजून?”

“सोमवारपासून सपाट करणार म्हणे. रस्ता होतोय.”

“आज शुक्रवार. अळ्या आहेत?”

“दहा आहेत. गुटगुटीत.”

“मग संध्याकाळी जा. वेलीच्या मुळाशी. कोरडी वाळू उपसा, ओल लागली की अळ्या जाळीत घालून पुरा. सोमवारी मशीन यायच्या आत काढा. अळी मरून विटेसारखी लाल झाली, तर आत आपली मंडळी. काळी पडून वास मारला, तर सोडून द्या.”

“लाल झाली की तुम्हाला दाखवायला आणते.”

बहिणीने खिडकीकडे तोंड फिरवलं. फार तर दोन दिवस, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते.

“आणा,” मॅडम म्हणाल्या. “आणि मी नसलेच, तर तुम्ही बघा. माझ्याच पापणीने बघायचंय, त्यात काय.”

मावशींना हसू आलं, आणि मग ते आवरेना, तशा त्या पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या.

संध्याकाळी त्यांनी दहाही अळ्या पुरल्या. वेलीला जांभळी फुलं आली होती. बाजूला मोजणीच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या.

रविवारी दुपारी मॅडमच्या बहिणीचा फोन आला.

सोमवारी झुंजुमुंजू व्हायच्या आधीच मावशी उठल्या. पाणी तापवलं, अंघोळ केली, हात जोडले. नवरा जागाच होता.

“कुठे?”

“मंडळींना आणायला.”

उठून त्याने त्यांच्या चपला दारापाशी सरळ करून ठेवल्या.

मावशींनी ती काडी कापसात गुंडाळून पिशवीत ठेवली. शेजारी रिकामी डबी. तिचं झाकण घट्ट बसलं होतं; ते त्यांनी पुन्हा थोडं सैल केलं. येताना आत कुणी असलं, तर त्याला हवा लागेल.