बारा कप्प्यांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी औषधांची ट्रॉली आहे. माझी तीन चाकं गुणी आहेत आणि चौथं हट्टी. शाळेत मी गेले नाही. कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता जेवढी अक्षरं कळली, तेवढीच माझी विद्या. पण माणसं मला वाचता येतात.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या पत्र्यात तोंड दिसायचं. बारा खाटांच्या या वॉर्डात मोठ्या सिस्टरांनी मला ताब्यात घेतलं आणि माझ्या बारा कप्प्यांवर खाटांचे नंबर चिकटवले. सातव्या खाटेची औषधं सातव्या कप्प्यात. इतकी साधी गोष्ट. अकरा वर्षं एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. पाहुणे यायचे, माझं कौतुक करायचे. कौतुक खरं म्हणजे सिस्टरांचं व्हायला हवं होतं, पण चकाकते मी ना!

मग वरच्या मजल्यावर एक बैठक झाली. तिथल्या एकानेही मला कधी हातभर ढकललेलं नव्हतं. ठरलं काय, तर सगळ्या वॉर्डांत औषधं नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावायची. दिसायला शिस्तशीर, म्हणे. मोठ्या सिस्टरांनी तीनदा लिहून कळवलं की सारख्या नावांची औषधं अशाने शेजारीशेजारी येतील. त्या बैठकीला येऊ का, असंही विचारलं. तिथले मोठे साहेब गोड हसून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वॉर्ड सांभाळा. बैठक आम्ही सांभाळतो."

माझ्या पोटात कालवाकालव झाली, ती शब्दशः. खोकल्याची गोळी आणि रक्तातली साखर उतरवणारी गोळी एकाच कप्प्यात आल्या. नावाची पहिली दोन अक्षरं सारखी, पाकिटंही सारखीच निळी.

व्हायचं तेच झालं. आमच्या दुसऱ्या सिस्टर अंगाने बारीक आणि बोलायला टोचऱ्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीताई म्हणतात. भर सकाळी एका हाताने सलाइन बदलत, दुसऱ्याने माझा कप्पा ओढत त्यांनी गोळी काढली आणि सातव्या खाटेवरच्या आजींच्या तळहातावर ठेवली. आजींना साखरेचा आजार नव्हताच. ती गोळी पोटात गेली असती तर त्यांची शुद्ध हरपली असती.

आजी गोळी निरखत म्हणाल्या, "बाई गं, माझी गोळी गोल असते. ही लांबट कुणाची?"

टाचणीताईंनी ती गोळी झटकन परत घेतली. कुणाला कळलंही नसतं, पण त्यांनी स्वतःच्या हाताने घडलं ते वहीत लिहिलं. त्याचं बक्षीस काय? निष्काळजीपणाची नोटीस. बैठकीत निर्णय होणार, आणि तोवर वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही. कप्पे लावायचा हुकूम देणाऱ्यांना नोटीस नाही! माझा पत्रा तापला, मित्रांनो.

बैठकीच्या दिवशी बोलावणं नसताना मोठ्या सिस्टरांनी मला ढकलत थेट त्या खोलीत नेलं. मीही चौथं चाक जरा जास्तच करकरवलं.

"ट्रॉली इथे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"साक्षीला आणलीय. साहेब, सातव्या खाटेला खोकल्याची गोळी द्यायची आहे. काढा."

साहेब उठले. सिस्टर शेजारी उभ्या राहून बोलत राहिल्या. पाच नंबरचं सलाइन संपलं. तीन नंबरचे नातेवाईक विचारतायत, डॉक्टर कधी येणार. नऊ नंबरला उलटी होतेय. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि निळं पाकीट उचलून दिलं.

सिस्टरांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं. साखर उतरवणारी गोळी.

पाकिटावरचं नाव वाचून साहेब हळूच म्हणाले, "आधी का नाही बोललात?"

"तीनदा लिहून कळवलं. विचारलं मात्र एकदाही नाही कुणी."

नोटीस फाटली. टाचणीताई परत आल्या आणि पहिलं काम म्हणून त्यांनी माझ्यावर पुन्हा खाटांचे नंबर चिकटवले. आता बैठकीत सिस्टरांना एक खुर्ची आहे. दाराजवळची, पाठ डुगडुगणारी, पण आहे. उपकार म्हणून कुणी दिलेली नाही, हे लक्षात ठेवा.

मला पुसूनबिसून ठेवा असं मी सांगणार नाही. तुम्ही मोठे होऊन कधी साहेब झालात, तर एवढंच करा. माझ्याविषयी काही ठरवायच्या आधी मला रोज ढकलणाऱ्या हातांना विचारा. माझं चौथं चाक करकरतं, हे त्या हातांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलंय. येत्या बैठकीत पहिला विषय तोच आहे, आणि बोलणार आहेत टाचणीताई.