गाडी लावून येतो

"ड्रायव्हर कौन है?" वेटरने विचारलं आणि तिघांची तीन बोटं माझ्याकडे वळली.

भरूचच्या पुढचं हायवेवरचं हॉटेल होतं. पार्टी, म्हणजे गाडीतली गिऱ्हाइकं, घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला अशा ठिकाणी जेवण फुकट असतं. ड्रायव्हर खूश, तर पुढच्या वेळी गाडी पुन्हा इथेच थांबणार, असा साधा हिशोब. ड्रायव्हरचं टेबल मात्र वेगळं, किचनच्या दाराजवळ. नंदू म्हणाला, जा ना सहदेव, फुकट आहे तर सोडायचं कशाला? धोंडू हसला. मीही हसलो आणि उठलो. मला कोणी ढकललं नाही हो, पाय आपले आपणच निघाले. जन्मभर साहेबांच्या गाड्या चालवल्यावर पायांना दुसरं काय ठाऊक असणार?

टेबलाशी सुरतेचा एक टॅक्सीवाला रोटी मोडत बसला होता. रोट्यांवर तूप चांगलं सढळ होतं, भाजीही गरम होती, खोटं कशाला बोलू. त्याने सहज विचारलं, "पार्टी कैसी है?"

"अच्छी है," मी म्हटलं. "परेशान नहीं करती."

बोलून गेलो आणि घास तोंडातच राहिला. नंदू, मुकुल, धोंडू. कांदिवलीच्या शाळेत एका बाकावर बसून मार खाल्लेले माझे दोस्त, आणि मी त्यांना पार्टी म्हणालो होतो. लांबून त्यांच्या टेबलावरचं हसणं ऐकू येत होतं. कशावर हसतायत ते मात्र कळत नव्हतं.

ही ट्रिप आमच्या डोक्यात कधीपासून होती. नंदू बँकेतून आणि मुकुल विमा ऑफिसातून सुटला, धोंडूने पिठाची गिरणी पोराच्या हवाली केली आणि पवईच्या ऑफिसने मलाही नारळ दिला, तेव्हा कुठे मुहूर्त लागला. आबूचा डोंगर, कच्छचं वाळवंट आणि शेवटी मांडवीचा समुद्र. गाडी मुकुलच्या मुलीची, गंधालीची. नवी कोरी. तिने एकच अट घातली होती, सहदेवकाका चालवणार असतील तरच देईन. मला तेव्हा कोण अभिमान वाटला. सगळ्या सोसायटीला सांगत सुटलो.

वनमाला, माझी बायको, तेवढी फुगली नाही. माझी बॅग भरता भरता म्हणाली, "तुमका मित्र म्हणान न्हेतत की ड्रायव्हर म्हणान, तां आधी इचारून घेवा."

मी तिलाच झापलं. म्हटलं, तुला माणसांची पारखच नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटली होती.

कारण माझी एक इच्छा होती. लहान मुलासारखी आहे, पण होती. मला बघायचं होतं. महाबळेश्वर, गोवा, नाशिक, शिर्डी, साहेब लोकांना मी कुठे कुठे नेलं नाही? पण कोणी विचारलं, सहदेव, महाबळेश्वर कसं आहे, तर मी काय सांगणार? तिथलं पार्किंग उतारावर आहे, हँडब्रेक नीट ओढावा लागतो, एवढंच. पॉइंटच्या दारात पार्टीला सोडायचं, गाडी लावायची आणि वाट बघत बसायचं. साहेब परत येऊन म्हणायचे, काय सुंदर होतं. मी म्हणायचो, हो साहेब. म्हणून या वेळी दोस्तांबरोबर उतरायचं, दोस्तांबरोबर बघायचं, असं ठरवून आलो होतो.

आबूला सनसेट पॉइंटच्या अलीकडे ही गर्दी. नंदूने घड्याळ बघितलं, म्हणाला, आम्ही उतरतो, तू गाडी लावून ये रे पटकन. पटकन कसली? खाली दोन वळणं गेल्यावर जागा मिळाली. धापा टाकत चढ चढत होतो तेवढ्यात खिशात फोन वाजला. आमच्या ग्रुपवर फोटो आला होता. लालभडक सूर्य, पुढे तिघे दात काढून उभे. मी पोचलो तेव्हा माणसं परतत होती आणि शेंगदाणेवाला टोपली उचलत होता.

त्या संध्याकाळी वनमालाचा फोन आला, काय बघितल्यात? मी तिला सगळं सांगितलं. सूर्य असा मोठा होता, असा हळूहळू डोंगरामागे गेला. फोटो बघून सांगत होतो. आयुष्यात पहिल्यांदा बायकोशी असलं खोटं बोललो, आणि तेसुद्धा सूर्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, दोस्त वाईट होते. अजिबात नाही. हॉटेलवाला मला ड्रायव्हर लोकांच्या खोलीकडे नेऊ लागला तर नंदू त्याच्या अंगावर धावून गेला, "तो आमचा दोस्त आहे." खोलीत पंख्याखालची चांगली गादी मलाच दिली. पण का दिली? तर सहदेवला उद्या गाडी चालवायची आहे. बाटली उघडली तेव्हा माझ्यापुढे सरबत ठेवलं, गाडी आहे ना उद्या. गप्पा रंगात आल्या की मुकुल म्हणायचा, तू झोप बाबा आता. सगळी काळजीच होती. फक्त ती माझी होती की गाडीची, तेच मला कळेना.

कच्छच्या रणात मी हट्टाने बरोबर चालत गेलो. पांढरंशुभ्र मीठ, नजर पोचेल तिथपर्यंत. पायाखाली कुरकुर आवाज. मी नुकतं वाकून बोटाने मीठ उचललं होतं. धोंडूच्या डोळ्यांना तो लखलखाट सोसेना. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि काळा चष्मा गाडीत राहिला होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. चावी माझ्या खिशात. मी म्हटलं, थांब, आणतो. गाडीपर्यंत जाऊन येईस्तोवर तिघे परत फिरले होते. धोंडूने चष्मा घातला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, तू होतास म्हणून, यार. मला रडू आलं. उन्हामुळे डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं, ते पटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी भुजला दुपारचं जेवण झालं. आता मांडवी, शेवटचा मुक्काम. मी गाडीपाशी गेलो, चावी बॉनेटवर ठेवली आणि मागे खिडकीपाशी जाऊन बसलो.

नंदू दार उघडून म्हणाला, बरं नाही का रे?

"बरा आहे. आज मी चालवणार नाही."

"अरे, मग आधी बोलायचंस ना. आता ड्रायव्हर कुठून आणू मी?"

"मुकुलकडे लायसन आहे."

मुकुलचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो बिचारा रविवारी बोरिवलीच्या मार्केटपर्यंत गाडी काढतो, तीही गंधाली शेजारी बसली असेल तर. नंदू चिडला. ऐन वेळी हे काय नाटक, म्हणाला. तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघालंच.

"नंदू, सगळी जिंदगी मी पार्किंग बघितलं रे. तुमच्याबरोबर तरी मला समुद्र बघायचा होता."

धोंडूने काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुकुलने बॉनेटवरची चावी उचलली आणि हळूच म्हणाला, गंधालीला कोणी सांगू नका.

आता ऐका गंमत. खिडकी मिळाली, पण बाहेर बघतंय कोण? मुकुल गाडी अशी चालवत होता की शेजारून सायकलवाले पुढे जात होते. ट्रक दिसला की हा स्टिअरिंगला मिठी मारायचा. माझा उजवा पाय सारखा खालच्या मॅटवर ब्रेक दाबत होता. मान बाहेर वळवायचो आणि नजर परत समोरच्या रस्त्यावर यायची. शेवटी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि मान वळवून धरली. मग दिसलं सगळं. पवनचक्क्या. खारकेच्या झाडांच्या रांगा. एका घरापुढे बाई गोधडी झटकत होती. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं आणि मी बघत होतो. बरं वाटलं. नंदू पुढच्या सीटवर होता, तो मात्र सारखा मागे वळून माझ्याकडे बघत होता.

मांडवीला पोचेपर्यंत सूर्य अगदी खाली आला होता. किनाऱ्याच्या तोंडाशी बसगाड्यांची ही गर्दी. धोंडू उतरला, नंदू उतरला. मी दार उघडलं, एक पाय खाली टाकला. लाटांचा आवाज येत होता, खारा वारा तोंडावर लागत होता. आणि नंदू सवयीने बोलून गेला, "मुकुल, गाडी लावून ये रे."

मी मुकुलकडे बघितलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मागे दोन बस हॉर्न मारत होत्या, याला रिव्हर्स सापडत नव्हता. तो म्हणाला, "तू उतर, सहदेव. याच्यासाठी तर सगळं केलं ना."

मी पाय आत घेतला आणि दार लावलं. म्हटलं, चल, सावकाश घे, मी मागे बघतो.

जागा सापडली ती बरीच मागे, दोन बसगाड्यांच्या मध्ये. मी उतरून पाठीमागे उभा राहिलो. येऊ दे, येऊ दे, डावीकडे काट, बास. समुद्राकडे माझी पाठ होती. गाडीच्या काचेवर लाल उजेड पडला होता, तो फिका होत होत गेला. मुकुलने इंजिन बंद केलं आणि हात जोडले, कोणाला ते माहीत नाही. मग आम्ही दोघे बरोबर चालत निघालो. मी मुद्दाम घाई केली नाही. फोन वाजेल, ग्रुपवर फोटो येईल, म्हणून मनाची तयारी करून ठेवली होती. पण फोन वाजला नाही.

नंदू आणि धोंडू उतरले होते तिथेच उभे होते. त्यांच्या पाठीमागे माणसं वाळूतून परतत होती, आभाळ राखाडी झालं होतं. दोघांची तोंडं आमच्याकडे होती.

"कसा होता?" मी विचारलं.

नंदूने खाली बघून चपलेतली वाळू झटकली. "माहीत नाही रे. आम्ही इकडेच बघत होतो. तुम्ही येताय का ते."

थोड्या वेळाने वनमालाचा फोन आला. आम्ही चौघे अंधारात पाण्यात पाय घालून उभे होतो, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून. तिने रोजच्यासारखं विचारलं, आज काय बघितल्यात?

"पार्किंग बघितलं," मी म्हटलं. "चौघांनी."