एकाच डोळ्यापुरतं तेज

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. अंधारात एकच दिवा, आणि माणसं त्याच्याकडे डोळे फाडफाडून बघतायत. "वलय! सोन्याचं वलय!" कुणी रडतंय, कुणी जमिनीवर लोळतंय. विज्ञानाचे मास्तर दारातच थबकले. त्यांची थोरली बहीण पहिल्याच रांगेत होती.

ताई शिवणकाम करायची. डोळ्यांत दाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं होतं. गावात आलेल्या एका बुवाबाबाने ते बंद करायला लावलं आणि सगळ्यांसारखा तिच्याही डाव्या डोळ्यात आपला थेंब टाकला.

बाबा बाटली नाचवत होता. "डावा डोळा चंद्राचा, आधी तो उघडतो. आता उजवा! काय म्हणता, सुईचं भोक दिसत नाही? अरे, देव दिसायला लागल्यावर सुई हवीय कशाला?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. धन्य ती अक्कल!

"ताई, घरी चल," मास्तर म्हणाले.

"जा रे, मोठा आला शहाणा! डोळा ठणकतोय, पण बाबा म्हणतात पाप निघतंय."

पाप! मास्तरांचं टाळकंच सटकलं. "सगळ्यांनी डावा डोळा हाताने झाका! आता बघा दिवा!"

अर्धे लोक त्यांच्याच वर्गात शिकलेले. सवयीने हात वर गेले.

"अगंबाई, वलय गेलं!"

"माझंही!"

मास्तर ओरडले, "देव काय एकाच डोळ्यापुरता येतो? ट्यूबलाइट लावा, शेजाऱ्याचे डोळे बघा."

प्रत्येकाची डावी बाहुली बटणाएवढी, उजवी बारीक. बाबा मागच्या दाराने सटकला. तिथे धोतऱ्याची झुडपं ओरबाडलेली, पाटा पानांनी हिरवागार.

धोतऱ्याच्या रसाने बाहुली फाकते आणि तशीच राहते. जवळचं धूसर होतं, दिव्याभोवती कडं दिसतं. पोटात गेला तर माणूस बरळत मरतो. त्यात झाडाचा काय दोष? अशाच झाडांपासून डॉक्टर मोजूनमापून औषध करतात. बाबाने मात्र दाब वाढलेल्या डोळ्यात विष ओतलं होतं; अशा डोळ्याची बाहुली फाकली की दाब आणखी चढू शकतो.

ताईचा डावा डोळा गेला. उजवा तेवढा वाचला.

लोकहो, देव मानायचा तर खुशाल माना, पण डोळ्यात थेंब घालायला येणाऱ्याला आधी त्याच्याच डोळ्यात घालायला सांगा. ताई तर भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणते, "एक डोळा झाकून बघायला काय धाड भरली होती गं मला? एवढंच तर करायचं होतं."