बर्फाचा वाटा

पहिला सामना आम्ही जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मेहुणा भिवा बर्फाच्या खालच्या बाजूला खेळताना दिसला. तो पडला नव्हता की बुडाला नव्हता. आमच्या पावलांना पावलं लावून, डोकं खाली करून तिकडे त्याचा सराव चालला होता. अंगात संघाचा निळा सदरा, हातात काठी. मी हात केला तर त्यानेही केला, पण जरा उशिरा. भिवा सगळंच जरा उशिरा करायचा, म्हणून माझी खात्री पटली की तोच तो.

आमच्या दाभणे बंदरावर पावसाळ्यात समुद्र बंद असतो. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात जाळं टाकत नाही. मासळी नाही म्हटल्यावर बर्फही कुणाला नको. मोतीराम शेठचा बर्फाचा कारखाना तेवढे दिवस नुसता उभा असायचा, आणि शेठला नुसतं उभं असलेलं काही बघवत नसे. आम्ही खलाशी तर मुळीच नाही. त्याने कारखान्याच्या शेडमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाणी गोठवलं, आम्हाला पाती लावलेले बूट आणले आणि बर्फावरच्या हॉकीचा पगारी संघ काढला. आम्हाला काय, हलत्या फळीवर उभं राहायची जन्माची सवय. अमोनियाच्या जुन्या नळ्यांच्या दोन चौकटी दोन टोकांना जमिनीत रोवल्या, ते झाले गोल. चकती म्हणून डांबर भरलेली करवंटी. मी सगळ्यांत रुंद, म्हणून मी गोलात.

बाहेरचे संघ एसटीने यायचे. कॅनडावाले आले तेव्हा घाटात ओकून निम्मे झाले होते. खोटं वाटत असेल तर घाट अजून तिथेच आहे, जाऊन बघा.

तर पहिला सामना जिंकलो आणि शेठने ढाल आणून तांडेलाच्या हातात दिली. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान; आमचा पोशा तांडेल होडीवर कप्तान आणि बर्फावरही कप्तान. आमच्याकडे खेप किनाऱ्याला लागली की पहिला वाटा होडीचा काढतात, मग माणसांचे. तांडेलाने तो ओरडून सांगायचा आणि ओरडलेला वाटा परत घ्यायचा नाही. इतकी वर्षं हातात काही आलं की तोंडातून तेच निघायचं. ढाल हातात आली आणि पोशा ओरडला, "पहिला वाटा होडीचा."

पायाखाली होडी नव्हती. बर्फ होता.

शेठ हसला. म्हणाला, "अरे, ढाल कशी कापणार? गड्यांतला एक देऊन टाका."

आम्हीही हसलो. आणि सकाळी भिवा खाली.

माझी धाकटी बहीण चांगुणा त्याचा डबा घेऊन आली. तिने खाली वाकून नवऱ्याकडे बघितलं, पदराने बर्फ पुसून पुन्हा बघितलं. मग तांडेलाकडे वळून म्हणाली, "यांना वर काढा."

तांडेल म्हणाला, ओरडलेला वाटा मागता येत नाही.

"मग होडी कधीच देत नाही होय?"

"देते की. खेप रिकामी आली की देते."

हेही खरं होतं. होडी रिकामी परतली की त्या दिवशी ती आपले आधीचे वाटे सोडते, म्हणजे खलाशांच्या चुली पेटतात. चांगुणाला हे मी सांगायला नको होतं. ती खलाशाची बायको आणि खलाशाची बहीण.

"म्हणजे एक सामना हरा," ती म्हणाली.

"हरतो," तांडेल म्हणाला. बाजारातून येताना कोथिंबीर आणतो म्हणावं तसं.

तिने डब्यातला भात बर्फावर ओतला. शितं एकेक करून खाली उतरली. भिवा जेवला.

दुसऱ्या सामन्याला आम्ही हरायचं ठरवून उतरलो. पण जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या टोकाला बर्फ हातभर चढला होता, आणि समोरच्या टोकाला होता तिथेच राहिला होता. मैदानाला उतार पडला. करवंटी आमच्याकडून सुटली की आपली आपण घरंगळत जाऊन त्यांच्या गोलात पडायची. मध्यंतरानंतर टोकं बदलली, तर उतारही आमच्याबरोबर टोक बदलून आला. आम्ही काठ्या टाकून उभे राहिलो तरी जिंकलो. फिनलंडचा कप्तान माझ्याशी हात मिळवताना म्हणाला, असा बचाव त्याने जन्मात पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला.

सकाळी दुसरा गडी खाली. आणि बर्फ आणखी हातभर वर.

तसाच हंगाम गेला. जिंकलो की एक माणूस कमी आणि चढ जास्त. चढ जास्त म्हणून पुढचा विजय आणखी सोपा. वरती माणसं आटत गेली, खाली संघ भरत गेला. खाली त्यांचं चांगलं चाललं होतं, एकमेकांना पास देत होते. वर्तमानपत्रात आमचं कौतुक यायचं.

माझी अडचण वेगळी होती. गोलाची चौकट जमिनीत रोवलेली, आणि बर्फ वर चढत होता. म्हणजे गोल दर सामन्याला बुटका होत होता. आधी मी उभा राहायचो, मग वाकून, मग गुडघ्यांवर. बाजूच्या नळ्यांवरही बर्फ धरायला लागला, त्यामुळे तो अरुंदही झाला. कॅनडाचा सामना मी मांडी घालून खेळलो. सामना संपल्यावर उठायला गेलो तर उठता येईना. मागे जाळं, वर आडवी नळी, दोन्ही बाजूंना खांदे घट्ट. देवळीत मारुती बसवावा तसा मी गोलात बसलो होतो. शेंदूर तेवढा नव्हता.

चांगुणाने बर्फाचा टोचा आणला आणि माझ्या गुडघ्याजवळ पहिला घाव घातला. तडा सरळ खाली गेला आणि भिवाच्या कपाळापाशी थांबला. खाली भिवाने तळहात वर केला, पुरे म्हणून. तिने टोचा भिंतीला टेकवून ठेवला, आणि परत हातात घेतला नाही.

मी अडकलो त्या दिवसापासून भिवाही येऊन माझ्या खाली मांडी घालून बसला. बुडाला बूड लावून, डोकं खाली. चांगुणा रोज डबा आणायची. एक घास माझ्या तोंडात, एक बर्फावर. माझे हात कोपरापासून अडकलेले, म्हणून ती लहान पोराला भरवतात तसं "आ कर" म्हणायची. ती म्हणाली की आम्ही दोघंही आ करायचो, घास कुणाचाही असला तरी.

"दादा," एकदा ती भरवता भरवता म्हणाली, "हे वाळलेत."

मी म्हटलं, "खालून तसं दिसतं."

"मी वरून बघतेय."

शेवटचा सामना नारळी पौर्णिमेच्या दुपारी होता, तिकडे बर्फाच्या डोंगरांतल्या काझा गावच्या संघाशी. त्याच सकाळी शेठने मैदानाच्या सखल टोकाला बर्फ फोडायचं यंत्र आणून बसवलं. बाहेर होड्या सजून उभ्या होत्या. सामना संपला की मैदान फोडायचं, बर्फ टोपल्यांतून होड्यांवर चढवायचा आणि तिन्हीसांजेच्या आत सुटायचं, असं त्याने सांगून टाकलं. चांगुणाने त्याला हाताला धरून मैदानावर आणलं आणि खाली दाखवलं. खाली सगळा संघ ओळीने उभा होता. शेठने चष्मा लावून नीट पाहिलं.

"नाकी-डोळी स्वच्छ दिसतात," तो म्हणाला. "बर्फ फार चांगला धरलाय यंदा."

आणि तो यंत्राला वंगण घालायला गेला.

वरती आता मी आणि पोशा तांडेल, दोघेच उरलो होतो. तांडेल मैदानाच्या मधोमध काठी मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, आज मी करवंटीला शिवणार नाही. पण तेवढ्याने भागत नव्हतं. बरोबरी झाली तर ढाल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहते, आणि ढाल आमच्याकडे होती. बरोबरी म्हणजे विजय, विजय म्हणजे भरलेली खेप. आम्हाला एक गोल खायलाच हवा होता, आणि तो यंत्र सुरू व्हायच्या आत.

काझाचा कप्तान छेरिंग नावाचा शांत गडी होता. चांगुणाने त्याला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि भिवाही दाखवला. छेरिंगने खाली वाकून भिवाला नमस्कार केला. भिवाने थोड्या उशिराने केला. मग छेरिंग आपल्या गड्यांशी बोलला, आणि ते सगळे मनापासून मारायला लागले.

करवंटी चढ चढून यायची आणि माझ्या छातीवर आपटायची. पोटावर आपटायची. खांद्यावर, गुडघ्यावर, कपाळावर. आणि घरंगळत परत खाली जायची. तिथे त्यांचा गोलरक्षक आडवा पडून तिला अडवायचा, नाहीतर गोल आमचाच झाला असता. मी पोट आत ओढलं. पोट आत गेलं तेवढा बर्फ पुढे आला. श्वास सोडला, तर श्वासाचा बर्फ झाला. माझ्या आणि चौकटीच्या मधे आता नख जाईल एवढीही फट नव्हती. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. असा गोलरक्षक कुणी पाहिला नव्हता.

अर्धा वेळ झाला. टोकं बदलायची वेळ आली, पण मला हलवता येईना, म्हणून पंचांनी टोकं तशीच ठेवली. शेठने यंत्राचा पट्टा चढवला आणि चालू करून पाहिलं. मैदान थरथरलं. खाली ओळीत उभे असलेले एकमेकांच्या जवळ सरकले.

छेरिंग माझ्यापर्यंत वर चढून आला. दमला होता. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, "काका, जागा दाखवा."

मी स्वतःकडे बघितलं, जेवढं दिसत होतं तेवढं. दाखवायला जागा नव्हती.

चांगुणा त्याच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, रोज घास घेऊन बघायची तसं. मग पंचांकडे वळली आणि विचारलं, गोल कशाला म्हणतात.

पंच म्हणाले, करवंटी रेषेच्या पलीकडे गेली की गोल.

"रेषा कुठे आहे?"

पंच वाकले. रेषा पहिल्या दिवशी आखलेली, आता खूप खाली गेली होती, पण बर्फ स्वच्छ होता. त्यांनी दोरा धरून ती सरळ वर आणली. ती माझ्या हनुवटीवरून, ओठांवरून वर गेली.

"दाढांच्या मागे गेली तर गोल," पंच म्हणाले. "ओठांत राहिली तर नाही."

छेरिंगने करवंटी हातात घेऊन पाहिली. डांबराने गच्च भरलेली, माझ्या मुठीएवढी. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग चांगुणाकडे.

"मार," चांगुणा म्हणाली.

तो खाली गेला, उताराच्या तळापर्यंत. शेठचा हात यंत्राच्या खटक्यावर होता आणि नजर घड्याळावर. बाहेर होड्यांवर ढोल वाजायला लागले होते, दर्याला नारळ निघाला होता. छेरिंगने काठी मागे नेली.

चांगुणा माझ्या कानाशी वाकली. तिच्या हाताला भाताचा वास होता.

"दादा," ती म्हणाली, "आ कर."

करवंटी सुटली. चढ चढत, गरगरत, न डगमगता ती वर येत राहिली, आणि मी आ केला. मग खाली, माझ्या बुडाखाली, जरा उशिराने, भिवानेही केला.