ठकूचे कोरडे हात

बालवर्गाच्या बाईंनी ठकूच्या आईला खिडकीशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच बघा, सिस्टर. मी सांगून सांगून थकले."

ठकूची आई इस्पितळात ऑपरेशन थिएटरला नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणत. आत पंधरा-वीस पोरांनी नुसता धुडगूस घातला होता. कुणी कणकेचे गोळे थापत होतं, कुणी पाण्याच्या टबात भिजून चिंब, एकानं तर नाकाला चिखल फासला होता. आणि साडेचार वर्षांची ठकू मधोमध उभी. दोन्ही हात छातीसमोर उचललेले, बोटं वर, कशालाही लागू न देता.

"रोज अशीच," बाई म्हणाल्या. "खडू धरत नाही, बटण लावत नाही. अहो, मऊ काय, खरखरीत काय, जड काय, हे पाठ करून येतं का? हातांनी चाचपल्याशिवाय पोर शिकणार कसं? बोटांत जोरच नाही तिच्या. हा महिना बघते, नाहीतर पुढच्या वर्गात नाही पाठवता यायची मला. डॉक्टरला दाखवा, काही आजार असेल."

सिस्टरच्या पायाखालची जमीन सरकली. आजार कसला, डोंबल! ते हात तिचेच होते. ऑपरेशनआधी कोपरापर्यंत ब्रशनं घासून झालं की ती अशीच उभी राहायची, हात वर, कशाला म्हणता कशाला शिवायचं नाही. चौदा वर्षं हेच. घरीही तेच. ठकू, हात लावू नकोस. ठकू, ते खाली पडलेलं आहे. चल, धुवायला चल. बोटं खरकटी होऊ नयेत म्हणून अजून स्वतः भरवायची. शेजारणी म्हणायच्या, काय गुणी लेक आहे, कपड्यावर डाग म्हणून नाही! आणि ही बया खुशाल मिरवायची.

"महिना नको," ती म्हणाली. "आत्ताच बसते."

ती आत शिरली, चिखलाच्या घमेल्यापुढे फतकल मारली आणि दोन्ही हात आत घातले. चिकट चिखल नखांत शिरला. तरी हसून म्हणाली, "ये ठकू, बघ कसं गार लागतं! ये ना गं."

ठकू आली. घमेल्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला, आईचा हात ओढला आणि एकेक बोट पुसू लागली, नखांच्या कडेनं, बेचक्यांतून, अगदी निगुतीनं.

"अगंबाई, बोटं चालतात की हिची!" बाई म्हणाल्या.

सिस्टरला रडू फुटलं. चालत होती, पण फक्त पुसायला. तिनं पुसलेला हात परत चिखलात घातला. ठकूनं परत पुसला. तिनं परत घातला. रुमालाला कोरडा कोपरा उरला नाही तेव्हा ठकू कावरीबावरी झाली. "आई, नको ना, घाण आहे," म्हणत रडायला लागली आणि रडत रडत उघड्या तळहातांनीच आईचे हात पुसू लागली. चिखल तिच्या मनगटांवरून ओघळत होता.

"बाई, ह्याला खेळणं म्हणायचं का हो?" सिस्टरनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्रास होतोय तिला. थांबायचं का?"

सिस्टरनं लेकीच्या बोटांकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मळली होती ती. तिनं ओठ घट्ट मिटले आणि हात पुन्हा घमेल्यात घातला.