वारा असला की पाच जण मागे

आमच्या बेटावरचा विमानतळ म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि रिनिओ. तिकिटं तपासायला तीच, बॅगा तोलायला तीच आणि धावपट्टीवर शेळ्या शिरल्या की शिट्टी फुंकत धावायलाही तीच. शेळ्या नेहमी मिनासच्याच असतात. माझ्या अंजिराच्या झाडाची साल खरवडून खाल्ली त्याही त्याच्याच. म्हणून सहा वर्षं मी त्या माणसाशी धड बोललेली नाही.

त्या सोमवारी मी तासभर आधी जाऊन बसले. आमच्याकडे इतक्या लवकर फक्त परदेशी पाहुणे जातात. बाकीचे खालच्या कॉफीच्या दुकानात पत्ते कुटत बसतात, टेकडीवरच्या देवळामागून विमान दिसलं की कप खाली ठेवतात आणि चार मिनिटांत हजर होतात. मला बघून रिनिओच्या भुवया वर गेल्या.

"सेवास्तीमावशी, एवढी कसली घाई? साखरपुडा भाचीचाच आहे ना, की तुझा?"

"माझा असता तर तुला बोलावलं असतं होय गं? सगळा केक एकटीनं संपवशील."

अथेन्सला भाचीचा साखरपुडा आहे, असं मी गावात सांगून ठेवलं होतं. भाचीला अजून कुणी विचारलेलंही नाही. खरं कारण माझ्या डाव्या छातीत होतं, ऑलिव्हच्या बीएवढं. महिन्यातून दोनदा बेटावर येणाऱ्या डॉक्टरांना ते हाताला लागलं आणि त्यांनी अथेन्सच्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. दोन महिन्यांनी तारीख मिळाली, मंगळवार, सकाळी नऊ. ही चुकली तर पुढची थेट उन्हाळा संपल्यावर. "सेवास्ती, ही चुकवू नका," असं डॉक्टर दोनदा म्हणाले, आणि ते एकदा म्हटलेलं सहसा दुसऱ्यांदा म्हणत नाहीत.

गावाला का नाही सांगितलं? माझ्या आईचं दुखणं सांगितलं होतं म्हणून. वर्षभर रोज कुणीतरी पालक भरलेला पाव घेऊन दारात यायचं, मान वाकडी करून तिच्याकडे बघायचं आणि बाहेर पडताना अंगावर क्रूस काढायचं. बिचारीला जिवंतपणीच पोहोचवून टाकलं होतं लोकांनी. मी तेव्हाच ठरवलं, आपली झाकली मूठ सव्वा लाखाची.

विमान आलं, पण कसंबसं. उत्तरेचा वारा सुटला होता. धावपट्टीच्या टोकाची, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी आडवी होऊन फडफडत होती. वैमानिक आत आला, रिनिओशी दोन शब्द बोलला आणि पाणी पिऊन परत गेला. रिनिओ खुर्चीवर चढली.

"पाच जण मागे! धावपट्टी आखूड आहे, वारा आडवा आहे, वजन जास्त झालंय. चला, बोला."

दुसरीकडे अशा वेळी काय करतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे रिनिओच्या वडिलांपासूनची एकच रीत आहे. कोण कशासाठी चाललंय ते प्रत्येकानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, आणि कुणी थांबायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. चिठ्ठ्या नाहीत की आधी आला त्याचा हक्क नाही. अशा वाऱ्यात बोटही बंद असते, त्यामुळे जो राहिला तो गुरुवारपर्यंत राहिला.

एक परदेशी जोडपं तिकीट हलवत काहीतरी सांगायला लागलं. "यांना जाऊ दे," मागून कुणीतरी म्हणालं. "ठेवून घेतले तर तीन दिवस जेवायला कोण घालणार?" ते सुटले. दिवस भरत आलेली डाकवाल्याची सून सुटली. रजा संपलेला शिपाई सुटला. चपला घ्यायला निघालेल्या दोघी बहिणी थांबल्या. फुटबॉलचा सामना बघायला निघालेल्या शिक्षकाला तर कुणी बोलूही दिलं नाही. फादर कवळी बसवायला निघाले होते.

"तुम्ही राहा फादर," रिनिओ म्हणाली. "दात नसले की प्रवचन कसं आटोपशीर होतं."

फादर सर्वांत मोठ्यानं हसले आणि बॅग उचलून खिडकीशी जाऊन बसले. चार झाले. आता सांगायचे राहिलो होतो मी आणि मिनास.

मिनास उठला. टोपी हातात, दाढी चार दिवसांची. "बोकड बघायला चाललोय."

खोली खदखदून हसली. "गेल्या वसंतातही गेला होतास की रे! शेपूटसुद्धा आणलं नाहीस."

"पसंत पडला नाही."

"अरे, बोकड आणायचाय की जावई?"

हे शेवटचं मीच बोलले. टाळ्या पडल्या. मिनास खाली बसला.

मग मी उभी राहून भाचीचा साखरपुडा सांगितला. रिनिओनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "बोकड म्हणजे पोटापाण्याची गोष्ट. साखरपुडा काय, मावशीशिवायही होतो. मावशी, तू थांब. फोटो येतीलच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्यांच्यात बसले असते तर मीही डोलावली असती.

मी बसले नाही. सांगून टाक, मनाला म्हटलं. पन्नासेक चेहरे माझ्याकडे बघत होते. यातला प्रत्येक जण उद्या माझ्या दारात पालकाचा पाव घेऊन उभा राहणार, मान वाकडी करून. तोंड उघडलं, पण "मला जायलाच हवं," एवढंच कसंबसं बाहेर पडलं, आणि माझा हात आपोआप कोटाच्या डाव्या बाजूला गेला. मला भीती वाटत होती. साखरपुड्याला निघालेल्या बाईला वाटावी त्याच्या शंभरपट.

"कशासाठी, ते सांग ना," रिनिओ म्हणाली.

"पुरे गं," मिनास म्हणाला. तो माझ्या हाताकडे बघत होता. "माझी जागा दे तिला. बोकड काय पळून जातोय?"

"मला तुझे उपकार नकोत," मी म्हणाले. देवा शप्पथ, हेच म्हणाले.

"उपकार कसले? अंजिराचा हिशेब मिटला समज. जा, बस."

मी आभारसुद्धा मानले नाहीत. विमान उठलं तेव्हा खिडकीतून तो दिसला, कुंपणाशी टोपी धरून उभा. मनात म्हटलं, एवढा मोठेपणा दाखवायचा होता तर आधी शेळ्या बांधायच्या होत्यास.

मंगळवारी साडेआठला मी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर बसले होते. बाकावरच्या सगळ्यांच्या मांडीवर माझ्यासारखीच पिवळी पाकिटं होती. दार उघडून नर्स यादी वाचायला लागली.

"पेर्सेलिस. मिनास पेर्सेलिस."

कुणी उठलं नाही. जगात एकच मिनास पेर्सेलिस आहे की काय, असं मी स्वतःला सांगितलं. नर्सनं पुन्हा हाक मारली, या वेळी बेटाच्या नावासकट. मग पेन काढून ती नाव खोडायला लागली.

गेल्या वसंतात तो बोकड बघायला गेला होता आणि रिकाम्या हातानं परतला होता. सगळं गाव हसलं होतं. मी सर्वांत जास्त.

मी उठून तिचं मनगट धरलं. "खोडू नका. तो गुरुवारी येतोय. तिथे वारा आहे."

"बाई, अशी तारीख बदलता येत नाही. त्यांचं दुसरं औषध आजपासून सुरू व्हायचं होतं. न येऊन चालणारच नव्हतं."

"त्यानं त्याची जागा मला दिली," मी म्हणाले आणि रडायला लागले. आईच्या मातीनंतर चारचौघांत पहिल्यांदा. नर्सनं मला बसवलं, पाणी दिलं, आत जाऊन कुणाशीतरी बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, "शुक्रवारी सकाळी आठ. पण शुक्रवार म्हणजे शुक्रवारच."

माझी पाळी यायच्या आधी मी रिनिओला फोन लावला.

"मावशी! कसा झाला साखरपुडा?"

"रिनिओ, गुरुवारच्या विमानात मिनासला बसवायचं. वारा असो, वादळ असो, आणि त्याला उभं करून काही विचारायचं नाही."

"असं कसं? मागे राहिलेली चौघं आहेत, त्यात फादर बिनदाताचे. लोक मला खातील. आधी बोकड, मग फादर?"

"लोकांना सांग, सेवास्तीच्या छातीत गाठ आहे. साखरपुडा वगैरे सगळं खोटं होतं. इस्पितळातून बोलतेय. मिनासनं जागा दिली म्हणून मी इथे पोहोचले, तर त्याची जागा आता मी मागतेय. खुर्चीवर उभी राहून सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

पलीकडे रिनिओनं नाक ओढलं.

"सांगते गं मावशी. बसवते त्याला." मग तिनं हळूच विचारलं, "पण मावशी, मिनास खरंच कशासाठी जातोय?"

दारातून नर्सनं माझं नाव पुकारलं.

"बोकड बघायला," मी म्हणाले आणि फोन ठेवला.