आदिनाथची होडी

मित्रांनो, माजलगाव धरणाच्या काठावर, बाभळीखाली पडून असलेली जुनी होडी तुम्ही पाहिली असेल. ती मीच. सुंदरराव सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले, फटींत डांबर भरले आणि अंगद व आदिनाथ या जिवलग मित्रांच्या हवाली केले.

नऊ वर्षे ते माझ्यातून मासेमारीला निघत. एक वल्हे मारी, दुसरा जाळे सोडी. रोहू, कटला भरून आम्ही परतलो की बघणारे म्हणत, "होडी लई गुणाची हाय." मला फार धन्य वाटे.

वस्तीवरच्या योगिताला अंगदने लग्नाचा शब्द दिला होता. पण कामासाठी पुण्याला गेल्यावर त्याचे मन दुसरीकडे जडले. त्याने योगिताला फोनवरूनच नाही म्हणून कळवले. ती खचली. आदिनाथ तिची विचारपूस करी. हळूहळू त्या दोघांत माया जडली आणि घरच्यांनी सुपारी फोडून लग्न ठरवले.

तेवढ्यात पुण्यातले सगळे मोडून अंगद परत आला. पूर्वीसारखे दोघे जाळे काढायला निघाले. त्या दुपारी वारा होता.

"योगिता माझी हाय. तू बाजूला हो," अंगद म्हणाला.

आदिनाथने वल्हे थांबवले. "तूच तिला न्हाई म्हणालतास. आता कावून मागतूस?"

"चुकलो बे मी."

"मग तू भोग. तिनं कावून भोगावं?"

अंगद ताडकन उभा राहिला आणि त्याने आदिनाथला ढकलले. मला सावरता आले नाही. मी उलटले. दोघेही पट्टीचे पोहणारे, पण आदिनाथचे पाय जाळ्यात गुरफटले. अंगदने बुड्या मारमारून दातांनी दोऱ्या तोडल्या. त्याला वर आणले, तेव्हा सारे संपले होते.

लोक वाऱ्याला दोष देऊ लागले. आदिनाथची आई भामाबाई काठावर लेकराचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. अंगद तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"मावशी, वाऱ्यानं न्हाई. मी ढकललं त्याला."

तिने पदराने लेकराचे तोंड पुसले. मग म्हणाली, "हेच पोलिसाला सांग. अन् माझ्या दारात पुन्हा येऊ नको."

अंगदने गर्दीत उभ्या योगिताकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. तो ठाण्याकडे एकटाच चालत गेला.

मित्रांनो, मन बदलते. बदलले तर समोर बसून सांगा. पण ज्याला आपण सोडले, त्याच्या नव्या सुखावर हक्क सांगायला जाऊ नका.

पुढे वस्तीतले काहीजण मला अपशकुनी म्हणून जाळायला निघाले. भामाबाई आडवी आली. माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या हिला. माझं लेकरू हिच्यात लई हसायचं."